घरघर, सरसर आणि शिट्टी : पेडलबोर्डचा नकोसा आवाज कसा काढावा

गिटारच्या तारांवर हात ठेवून शांत उभे राहिले तरी स्पीकरमधून काहीतरी वाजतच राहते, ही तक्रार बेळगावात माझ्या कानावर वर्षातून दोनदा हमखास येते. एकदा गणपतीच्या तोंडावर, गल्लोगल्लीच्या मंडळांचे कार्यक्रम ठरू लागतात तेव्हा. आणि एकदा डिसेंबरात, चर्चमधल्या मुलांचा नाताळचा सराव सुरू झाल्यावर. तक्रारीबरोबर बहुतेकदा निर्णयही झालेला असतो : पेडलबोर्डावरचे अमुक पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची पेटी) खराब आहे, ते विकून टाकायचे, किंवा एक नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारे पेडल) मागवायचे. मला मात्र बहुतेक वेळा पेडल निर्दोष आढळले आहे. दोष असतो तो त्याला मिळणाऱ्या विजेत, त्याच्या जोडणीत किंवा पेडलांच्या क्रमात. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी एक संध्याकाळ शोधासाठी राखून ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. या शोधासाठी एक साधा मल्टिमीटर, एक ताजी ९ व्होल्टची बॅटरी आणि एक खात्रीची कॉर्ड एवढेच साहित्य पुरते.

आवाज आधी ओळखावा

सगळ्या आवाजांना सरसकट ‘नॉइज’ म्हटले की उपायही सरसकट होतात आणि त्यातला एकही लागू पडत नाही. कान देऊन ऐकले तर निदान चार प्रकार सहज वेगळे करता येतात.

पहिली, खालच्या पट्टीतली सलग घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची असते, आणि ती ओळखण्याची युक्ती गिटारवरच आहे. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा ‘जी’ साधारण ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवून पाहावा. घरघर त्या सुराला जवळजवळ चिकटत असेल तर ती १०० हर्ट्झची आहे, आणि अशा वेळी अ‍ॅडॅप्टरमध्ये विजेची दिशा सरळ केल्यानंतर उरलेला अपुरा गाळलेला अंश, म्हणजे सप्लायमधला दोष, आधी तपासावा. त्याहून एक सप्तक खाली असेल तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे बाहेरून ओढली गेलेली किंवा अर्थच्या फेऱ्यातून (त्याबद्दल पुढे) आलेली असण्याचा संभव अधिक असतो. दुसरा प्रकार म्हणजे तीच घरघर, पण वरच्या पट्टीत, माशी घोंगावावी तशी कर्कश. ती बहुधा दिव्यांच्या डिमरमधून, एलईडीच्या ड्रायव्हरमधून किंवा साध्या इन्व्हर्टरमधून येते. तिसरी, पावसासारखी सरसर, जिला ठरावीक सूर नसतो. ती गेनमुळे, म्हणजे आवाज किती पट वाढवला त्यामुळे, येते. चौथी, बारीक शिट्टी किंवा ठरावीक अंतराने होणारी टकटक. शिट्टी बहुतेकदा डिजिटल पेडलातल्या चिपचा ठेका ठरवणाऱ्या घड्याळस्पंदांची असते. टकटक ट्रेमोलो किंवा कोरस पेडलाच्या आतल्या मंद आंदोलकाची असून ती वेगाच्या नॉबबरोबर कमी-जास्त होते, आणि त्यावरूनच ती पकडता येते. खिशातल्या मोबाइलची टिर्रटिर्र यांत धरलेली नाही. फोन बोर्डापासून दूर ठेवला की ती जाते.

एकेक वस्तू काढत जावी

शोधाचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर थांबून ऐकावे. घाईत कॉर्ड, अ‍ॅडॅप्टर आणि सॉकेट असे तिन्ही एकदम बदलले तर आवाज गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात तो परत येतो.

प्रथम अ‍ॅम्पला काहीही न जोडता तो नेहमीच्या आवाजावर सुरू करावा. घरघर तेव्हाही असेल तर पेडलबोर्डाशी तिचा संबंध नाही. प्रश्न अ‍ॅम्पचा किंवा घरातल्या विजेचा आहे. अ‍ॅम्प शांत असेल तर गिटार खात्रीच्या कॉर्डने थेट अ‍ॅम्पला जोडावी. इथे गिटार हातात धरून जागच्या जागी सावकाश फिरावे. एका दिशेला घरघर वाढत असेल आणि दुसऱ्या दिशेला जवळपास नाहीशी होत असेल, तर आपल्या गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारे एकाच वेटोळ्याचे चुंबक) खोलीतले चुंबकीय क्षेत्र अँटेनासारखे ओढून घेतो आहे. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर आणि खुद्द अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर हे यातले नेहमीचे गुन्हेगार. अ‍ॅम्पपासून दोन मीटर दूर जाऊन थोडे वळून उभे राहणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. हंबकर पिकअप याच अडचणीतून जन्माला आला. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. परस्परविरुद्ध वळणाच्या आणि परस्परविरुद्ध चुंबकीय ध्रुवाच्या दोन कॉइल जोडल्या की तारेचा सूर दोन्हींत मिळून वाढतो आणि बाहेरची घरघर एकमेकींत खोडली जाते. तीन सिंगल कॉइल असलेल्या अनेक आधुनिक गिटारींत पाचदिशा स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हाच परिणाम मिळतो. स्विच तिथे नेताच घरघर गेली, तर पेडलांना दोष देण्याचे कारण उरत नाही.

इथपर्यंत सारे ठीक असेल तर पेडले एकेक करून जोडत जावीत, आणि प्रत्येक पेडल बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत ऐकावे. संशय आलेले पेडल, ते बॅटरीवर चालणारे असेल तर, अ‍ॅडॅप्टर काढून बॅटरीवर लावावे. ही माझ्या मते सगळ्यांत बोलकी चाचणी आहे. बॅटरीवर आवाज गेला तर पेडल निर्दोष, वीज दोषी. बॅटरीवरही तोच आवाज राहिला तर पेडल, त्याचा जॅक किंवा त्याच्या आधीची पॅच केबल (दोन पेडले जोडणारी छोटी कॉर्ड) तपासावी.

वीज : खरी गोम इथे असते

पेडलांची सर्वसाधारण रीत ९ व्होल्ट डीसी आणि मधला पिन ऋण अशी आहे. इतर उपकरणांच्या अ‍ॅडॅप्टरचा मधला पिन त्याच्या उलट, म्हणजे धन असू शकतो. कीबोर्डचा अ‍ॅडॅप्टर दिसायला तसाच असला तरी त्याची पोलॅरिटी उलटी किंवा व्होल्टेज १२ असू शकते, म्हणून लेबलावरची खूण पाहिल्याशिवाय पिन खोचू नये. खोचून पाहिल्यामुळे जळालेली दोन पेडले माझ्या कपाटात आहेत.

एका अ‍ॅडॅप्टरला पाच-सहा तोंडांची माळ लावून सगळी पेडले चालवण्याची पद्धत स्वस्त आहे आणि सगळी पेडले साधी अ‍ॅनालॉग असतील तर ती निभतेही. ओव्हरड्राइव्हसारखे (आवाज वाढवून खरबरीत करणारे) साधे पेडल पाच-दहा मिलिअँपिअरवर चालते. माळेतली अशी चार पेडले एकमेकांना त्रास देत नाहीत. अडचण येते ती त्याच माळेत डिजिटल डिले (पडसाद देणारे) किंवा रिव्हर्ब (आवाज घुमवणारे) पेडल बसवल्यावर. ते शंभर ते तीनशे मिलिअँपिअर ओढू शकते, आणि ओढते तेही सलग नव्हे, तर आतल्या घड्याळाच्या ठेक्यावर झटक्याझटक्याने. माळेत सगळ्यांची ऋण तार एकच असल्यामुळे ते झटके त्या तारेवर उमटतात, आणि तीच तार ओव्हरड्राइव्हच्या आवाजाचाही आधार असल्याने झटके तिथे शिरतात. मग तो ओव्हरड्राइव्ह त्यांना शंभरपट करून शिट्टीच्या रूपात बाहेर काढतो. डिले बंद असतानाही शिट्टी का येते, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पायाने बंद केलेल्या डिजिटल पेडलाचा प्रोसेसर बहुधा आत चालूच असतो, हे त्याचे उत्तर.

उपाय दोन. खर्चाचा उपाय म्हणजे प्रत्येक तोंड आतून एकमेकांपासून विलग असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय घेणे. खोक्यावर आठ तोंडे दिसतात म्हणून ती विलग असतीलच असे नाही. स्वस्त खोक्यांत अनेकदा ती आतून एकच असतात. पारखण्यासाठी सप्लाय वीजेपासून काढून ठेवावा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन वेगवेगळ्या तोंडांच्या ऋण टोकांना लावावा. मीटर वाजला तर ती तोंडे विलग नाहीत. बिनखर्चाचा, किंवा कमी खर्चाचा, उपाय म्हणजे माळ अ‍ॅनालॉग पेडलांपुरती ठेवून प्रत्येक डिजिटल पेडलाला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर देणे. दुसऱ्या उपायाने बोर्डाखाली तारांचे जंजाळ होते, पण शिट्टी बहुतेक वेळा जाते.

जुन्या घडणीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझ (आवाज फाटका, केसाळ करणाऱ्या) पेडलाबद्दल इथेच एक सूचना. त्यातल्या काहींत धन टोक हाच जमिनीचा आधार असतो. असे पेडल इतरांच्या माळेत लावले तर आवाजाचा प्रश्न बाजूलाच राहतो, सप्लाय शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा विलग तोंडच द्यावे.

अ‍ॅडॅप्टरची क्षमता मोजताना सगळ्या पेडलांचे मिलिअँपिअर बेरजेला घ्यावेत आणि बेरीज क्षमतेच्या सुमारे दोन-तृतीयांशावर थांबेल असा सप्लाय निवडावा. क्षमतेच्या काठावर चालणारा अ‍ॅडॅप्टर तापतो, त्याचे व्होल्टेज हलू लागते आणि घरघर वाढते. सप्लाय ठेवण्याची जागाही महत्त्वाची आहे. ट्रान्सफॉर्मर असलेला सप्लाय बोर्डाच्या खाली अगदी वाह पेडलाच्या (पायाने झुलवून आवाज बदलणाऱ्या) पोटाशी बसवला, तर वाहमधले इंडक्टर त्याचे चुंबकीय क्षेत्र पकडते आणि पेडल दाबताना घरघरही ‘वाह’ करू लागते. सप्लाय पंधरा-वीस सेंटिमीटर सरकवला किंवा आडवा फिरवला की फरक लगेच कळतो.

आपल्या भागात करंट गेल्यावर सराव इन्व्हर्टरवर चालतो, विशेषतः पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या विजेचे कोपरे तीक्ष्ण असल्यामुळे वरच्या पट्टीतली घोंगावणी ठरलेलीच असते. तिच्यावर पेडलबोर्डात इलाज नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ही अडचण येत नाही. नसेल तर तेवढा वेळ पेडले बॅटरीवर आणि अ‍ॅम्प बॅटरीवर चालणारा, किंवा मग सरळ अकौस्टिक गिटार. वडगाव, शहापूर, खासबाग या यंत्रमागांच्या वस्तीत किंवा उद्यमबागेच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांना आणखी एक अनुभव असतो : मोटार सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये फट्कन होणारा आवाज. याला फिल्टर बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड काही अंशी उपयोगी पडतो. रेकॉर्डिंग असेल तर मात्र माग थांबल्यानंतरची रात्रच बरी.

अर्थिंग आणि जिवाची गोष्ट

घरघर थांबवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधला वरचा जाड पिन काढून टाकण्याचा, किंवा त्याची तार आतून सोडवण्याचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. त्याने घरघर कधीकधी खरोखर जाते, आणि म्हणूनच हा सल्ला इतका घातक आहे. तो जाड पिन म्हणजे अ‍ॅम्पच्या लोखंडी सांगाड्याची अर्थ. आत काही बिघडून फेज सांगाड्याला लागली तर अर्थ असल्यास फ्यूज जातो, नसल्यास ती फेज कॉर्डमार्गे गिटारच्या तारांपर्यंत येते. तिथे आपला हात असतो आणि समोर ओठांजवळ माईक.

खानापूर तालुक्यातल्या एका गावी लग्नाच्या आदल्या रात्री मी हा अनुभव घेतला आहे. साउंडची वीज एका घरातून आणि माझ्या अ‍ॅम्पची दुसऱ्या घरातून घेतली होती. सॉकेटमध्ये प्लगऐवजी उघड्या तारा काडीने दाबून बसवलेल्या होत्या. ओठ माईकला लागताच असा झटका बसला, की पहिले गाणे सुरू होण्याआधीच संपले. तेव्हापासून मी माईकला तोंड लावण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची एक काडी गिटारच्या तारेला आणि दुसरी माईकच्या जाळीला लावतो. एखाद-दोन व्होल्ट दिसले तर हरकत नसते. त्याहून बरेच अधिक दिसले तर काहीही वाजवण्याआधी वायरमनला बोलवावे.

सॉकेटची अर्थ खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून मोजून घेणे सोपे आहे. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट, असे आकडे यायला हवेत. फेज आणि अर्थमधला आकडा कमी येत असेल किंवा हेलकावत असेल तर अर्थची तार मध्येच तुटली आहे, किंवा ती मुळात जोडलेलीच नाही. जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते आणि मागे तार नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्यावर त्याचा गुण कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत त्यात अधूनमधून पाणी ओतणे ही आपल्या जुन्या वायरमनांची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. साउंडवाला कानडी बोलणारा असो वा मराठी, ‘अर्थिंग’ हा शब्द दोघांचा एकच आहे, तेव्हा विचारायला संकोच करू नये.

अर्थ नसल्याची घरघर ओळखण्याची खूण अशी : तारांना हात लावला की ती बरीच कमी होते आणि हात काढला की वाढते. थोडासा फरक प्रत्येक गिटारमध्ये असतो, कारण आपले शरीरच हवेतली घरघर पकडते आणि तारांमार्गे ते अर्थला जोडले जाते. फरक खूप मोठा असेल, किंवा हाताला मुंग्यांसारखी जाणीव होत असेल, तर बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंत कुठेच अर्थ नाही असे समजावे. दोन पिनांच्या चार्जरवर चाललेल्या लॅपटॉपला गिटार जोडून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हे नेहमीच भेडसावते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. बहुधा आवाज तिथेच संपतो.

याच्या उलट, अर्थ एकाऐवजी दोन वाटांनी पोहोचली तरी घरघर येते. अ‍ॅम्प एका सॉकेटवर, बोर्ड दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी कॉर्ड, असा फेरा पूर्ण झाला की त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. अ‍ॅम्प आणि बोर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले की बहुतेक फेरे सुटतात. अ‍ॅम्पच्या सेंड-रिटर्नमधून (आवाज मध्येच बाहेर काढून परत आत घेणाऱ्या जॅकमधून) चार कॉर्डांनी जोडणी करणाऱ्यांना किंवा एका बोर्डातून दोन अ‍ॅम्प चालवणाऱ्यांना एवढे पुरत नाही. त्यांनी एका वाटेवर आवाजाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. तुटायला हवा तो आवाजाच्या कॉर्डमधला फेरा. विजेची अर्थ कधीही तोडू नये.

कॉर्ड, जॅक आणि आपला पावसाळा

हे प्रकरण कंटाळवाणे आहे, म्हणून सगळ्यांकडून राहून जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, आणि थोड्या कमी प्रमाणात बेळगाव शहरातही, हवेतली ओल जॅकच्या धातूवर बसते. पॅच केबलच्या टोकांवर काळपट किंवा हिरवट थर धरतो आणि खरखर सुरू होते. प्रत्येक जॅकमध्ये प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करून फिरवल्यास हा थर बराच घासला जातो. त्याने भागले नाही तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर कापसाच्या काडीवर घेऊन पुसावे. गंज सोडवण्याचा तेलकट स्प्रे मारू नये. त्यावर धूळ बसते आणि महिनाभरात खरखर दुप्पट होऊन परत येते. बोर्ड ठेवण्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि त्या ओल शोषून भरल्या की बदलाव्यात.

जॅकची बाहेरची नट ढिली असेल तर आतली तार प्रत्येक हालचालीला पिळते आणि शेवटी तिचा डाग (सोल्डरचा जोड) सुटतो. म्हणून नट आवळताना जॅक आतून धरावा, नुसती नट फिरवू नये. कॉर्ड पायाने हलवल्यावर धपधप ऐकू येत असेल तर ती कॉर्डच बदलावी. टोकाला खरखर होत असेल तर तिथले दोन इंच कापून नवा डाग देणे पुरते. कोणत्याही साउंड दुरुस्तीवाल्याला ते दहा मिनिटांचे काम आहे.

कॉर्डची लांबीही सरसर वाढवते, आणि ती कशी हे फार थोड्यांच्या लक्षात येते. गिटारच्या कॉर्डची कपॅसिटन्स मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धरली तर सहा मीटर कॉर्ड आणि त्यापुढच्या पॅच केबल मिळून पिकअपवर सात-आठशे पिकोफॅरडचा भार पडतो. त्यामुळे वरच्या पट्टीतली चमक कमी होते. वादक ती भरून काढायला ट्रेबल वाढवतो, आणि ट्रेबलबरोबर सरसरही वर येते. गिटारपासून पहिल्या पेडलापर्यंत तीन मीटरच कॉर्ड वापरावी, किंवा सुरुवातीला एक बफर (लांब कॉर्डचा भार पिकअपवर येऊ न देणारे सर्किट) असलेले पेडल ठेवावे. सगळी पेडले ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना आवाज आतल्या सर्किटला न लावता सरळ पुढे नेणारी, असावीत हा हट्ट लांब साखळीत उलट नडतो. अपवाद जुन्या घडणीच्या फझचा. त्याला गिटार थेट समोर लागते, म्हणून बफर त्याच्या नंतर लावावा.

गेनचा हिशेब

प्रत्येक पेडल आपल्या आधी आलेले सगळे वाढवते : सूरही आणि सरसरही. दहापट वाढवणारी दोन पेडले एकामागे एक लावली की पहिल्या पेडलाची स्वतःची सरसर दुसऱ्यातून दहापट होते, आणि गिटारबरोबर आलेली घरघर शंभरपट. म्हणून साखळीच्या आरंभी स्वच्छ आणि शांत पेडल हवे. ओव्हरड्राइव्हचा गेन तीन-चौथाई उघडून लेव्हल कमी ठेवण्याची सवय अनेकांना असते. गेन निम्म्यावर आणून लेव्हल वाढवून पाहावी : आवाजाची घनता फारशी जात नाही, सरसर मात्र कमी होते. दोन ड्राइव्ह एकत्र चालवायच्या असतील तर दोन्हींचा गेन कमी ठेवून त्यांची बेरीज घ्यावी.

कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणारे पेडल) ड्राइव्हच्या आधी लावणे ही रूढ पद्धत आहे, पण तो शांत क्षणी आवाज वर ओढत असल्यामुळे थांबलेल्या जागी घरघरही वर ओढतो. त्याचा सस्टेन कमी करावा. जे पेडल ज्या गाण्यात लागत नाही ते त्या गाण्यात बंद ठेवावे, हे सांगण्यासारखे नाही. तरी मी सांगतो, कारण दोन ड्राइव्ह, कॉम्प्रेसर आणि बूस्ट असे चारही पेडल चालू ठेवून ‘अ‍ॅम्प खराब आहे’ म्हणणारे माझ्या पाहण्यात आहेत.

नॉइज गेट, पण सगळ्यांत शेवटी

वरचे सगळे करून झाल्यानंतर उरलेल्या सरसरीसाठी गेट घ्यावे. गेट आवाज स्वच्छ करत नाही. आपण वाजवत नसताना ते दार लावते, इतकेच. वाजवत असताना घरघर सुरांबरोबर जातेच. जास्त गेनच्या पेडलांनंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी त्याची जागा आहे. डिलेनंतर लावले तर विरत जाणारे पडसाद मध्येच कापले जातात.

थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखाली दार लागते ती आवाजाची पातळी, शून्यापासून सावकाश वाढवत न्यावा आणि सरसर नुकतीच थांबेल तिथे सोडावा. मग जाड तारेवर एक स्वर छेडून तो पूर्ण विझेपर्यंत ऐकावा. शेवट झटक्याने तुटत असेल तर डिके, म्हणजे दार लागायला लागणारा वेळ, वाढवावा, तरीही तुटत असेल तर थ्रेशोल्ड थोडा मागे घ्यावा. गिटारचा व्हॉल्यूम कमी करून हळुवार वाजवणाऱ्याने हीच चाचणी कमी व्हॉल्यूमवरही करावी, नाहीतर भावगीताच्या साथीत गेट निम्मे सूर गिळून टाकते. गेटला सेंड-रिटर्न असेल तर गिटार गेटच्या इनपुटला आणि ड्राइव्ह पेडले त्याच्या सेंड-रिटर्नमध्ये जोडावीत. मग दार उघडायचे की लावायचे हे गेट स्वच्छ गिटार ऐकून ठरवते आणि कापते मात्र ड्राइव्हची सरसर. हा फरक ऐकल्यानंतर साधी जोडणी पुन्हा करावीशी वाटत नाही.

पाय ठेवताच होणारा ‘टप्’ आवाज ही वेगळी गोष्ट आहे. ट्रू बायपास पेडलात आत साठलेला थोडासा डीसी दाब स्विच उलटताना बाहेर पडतो. वीज दिल्यानंतर अ‍ॅम्पचा आवाज बंद ठेवून प्रत्येक स्विच दोन-तीनदा दाबला की तो निवळतो. दरवेळी टप् होत असेल तर इनपुट आणि आउटपुटला जमिनीकडे एक मेगाओहमचा रेझिस्टर लावण्याचे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे.

मंडपात आणि मंगल कार्यालयात

इकडच्या ऑर्केस्ट्रांत गिटारवादक अनेकदा अ‍ॅम्प नेतच नाही. पेडलबोर्ड किंवा मल्टिइफेक्ट सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडतो. वीस-तीस मीटर लांबीच्या साध्या गिटार कॉर्डने ही जोडणी केली तर वाटेतल्या प्रत्येक वायरची घरघर तिच्यात शिरते. बोर्डाजवळ डीआय बॉक्स (गिटारचा आवाज माईकच्या केबलसाठी योग्य करणारी पेटी) ठेवावा आणि तिथून माईकच्या केबलने पुढे जावे. माईकच्या केबलमध्ये एकच आवाज दोन तारांवर परस्परविरुद्ध रूपात जातो आणि मिक्सर त्या दोहोंतला फरक घेतो, त्यामुळे वाटेत दोन्हींवर सारखीच बसलेली घरघर वजा होते. तरीही घरघर राहिली तर डीआयवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबावे. ते फक्त आवाजाच्या केबलचे शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) सोडवते, विजेच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. तंत्राचा हा एवढा फरक समजावून सांगितला तर साउंडवालेही आनंदाने सहकार्य करतात.

एका मंडळाच्या कार्यक्रमात दुपारी सगळे शांत होते आणि रात्री आठला पहिले गाणे सुरू करताच घोंगावणी आली. बोर्ड, कॉर्ड, गिटार सगळे बदलून पाहिले. शेवटी मंडपातल्या एका मुलाने सहज आरासीच्या दिव्यांचा डिमर खाली केला आणि आवाज थांबला. आमची आणि दिव्यांची वीज एकाच विजेच्या बोर्डावरून घेतलेली होती. तेव्हापासून मी साउंडची लाइन दिव्यांच्या लाइनपासून वेगळी मागून घेतो, आणि आवाजाची केबल विजेच्या केबलला समांतर न नेता, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडतो. आणि साउंड चेक दुपारी करत नाही. आरास लागू देतो, सगळे दिवे, पंखे आणि लेझर चालू करायला सांगतो, आणि मग गिटारचा व्हॉल्यूम उघडून दोन मिनिटे काहीही न वाजवता ऐकतो.